डावीकडे वळलेलं टोक

"हा तुम्ही केला?" मी विचारलं.

तांबटकाकांनी हातातली काचेची नळी ज्योतीबाहेर काढली आणि मी चपला घालून गाभाऱ्यात शिरल्यासारखं माझ्याकडे बघितलं. समोरच्या टेबलावर एक चंबू होता. त्याच्या पोटात दुसरा चंबू, त्याच्याही पोटात नागमोडी नळी, आणि कुठेही जोड म्हणून दिसत नव्हता.

"पीस निघाला," ते म्हणाले.

"निघाला म्हणजे? आपोआप?"

"निघाला म्हणजे निघाला. इथं तसं विचारायचं नसतं, मॅडम."

"मग कुठे विचारायचं?"

"कुठंच नाय," असं म्हणून त्यांनी नळी पुन्हा ज्योतीत धरली.

ही २०१० सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते आणि पुण्यात चिटणीस मॅडमच्या ऑफिसात नोकरी करत होते. अमेरिकेतल्या एका वकिलासाठी आम्ही व्हिसाच्या फायली तयार करायचो. त्यातही माझ्याकडे असायचे ते 'असामान्य' लोक. अमेरिकेत एक व्हिसा असा आहे, की तुम्ही तुमच्या कामात असामान्य आहात एवढं सिद्ध केलं की तो मिळतो. सिद्ध करायचे आठ प्रकार. बक्षिसं, वर्तमानपत्रांतली कात्रणं, जाणकारांची पत्रं, आणि असंच काहीबाही. आठांपैकी निदान तीन जमले पाहिजेत.

मी ते जमवून द्यायचे, आणि मला त्याचा माजही होता. सोसायटीच्या गॅदरिंगमध्ये मिळालेली ढाल माझ्या हाताखालून गेली की 'विभागीय सन्मान' होऊन बाहेर पडायची. खोटं मी कधी लिहिलं नाही, पण फुगवायला मागेपुढेही पाहिलं नाही. तीन वर्षांत एकोणचाळीस असामान्य माणसं मी रवाना केली होती. त्यांतल्या दोघांशी बोलताना मला जांभई आवरावी लागली होती.

चाळिसावे मनोहर तांबट. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ते ग्लासब्लोअर होते. रसायनं, वायू, निर्वात पोकळी असल्या प्रयोगांना लागणारी काचेची उपकरणं बाजारात मिळत नाहीत. शास्त्रज्ञ कागदावर रेघोट्या मारून आणतो आणि ग्लासब्लोअर ते नळ्या वितळवून, फुंकून, जोडून तयार करतो. असे कारागीर आता जगातच कमी उरले आहेत, हे मला त्या फाईलमुळे कळलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा ग्लासब्लोअर निवृत्त झाला होता. त्यांना शिकवणारा माणूस हवा होता. तांबटकाकांच्या हातची उपकरणं पुण्यात वापरून गेलेला एक प्राध्यापक तिथे होता, त्याने नाव सुचवलं आणि विद्यापीठाने त्यांना बोलावलं.

मी त्यांना चौदा पानांची प्रश्नावली पाठवली होती. ती परत आली तेव्हा मी कपाळाला हात लावला. 'तुमची सर्वांत महत्त्वाची कामगिरी?' याच्यापुढे लिहिलं होतं, 'सेक्शनमधून बरेच पीस निघाले.' 'पुरस्कार?' 'नाही.' 'प्रसिद्धी?' 'नाही.' 'तुमच्या क्षेत्रात तुमचं स्थान?' 'खिडकीजवळचं टेबल.'

म्हणून मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेले होते.

वर्कशॉप म्हणजे संस्थेच्या मागच्या अंगाची पत्र्याची शेड. एके काळी तिथे सहा माणसं होती. आता ते एकटेच. एकोणसाठ वर्षांचे, अंगाने किरकोळ, कपाळावर जांभळट काचांचा चष्मा चढवलेला. तोंडात रबराची बारीक नळी, तिचं दुसरं टोक काचेला जोडलेलं. फुंकर तिच्यातून जायची. दोन्ही हातांत काचेच्या दोन नळ्या, आणि त्या दोन्ही एकाच वेगाने फिरत होत्या. तो वेग जराही चुकला असता तर सगळं पिळवटून गेलं असतं. मी तर पोळी लाटताना दोन हातांचा मेळ घालू शकत नाही.

"हा घाला," ते म्हणाले आणि दुसरा जांभळा चष्मा माझ्याकडे सरकवला.

साध्या डोळ्यांना तिथे नुसता पिवळा भडका दिसत होता. चष्मा लावला आणि भडका गेला. आत काच दिसली. ती मऊ झाली होती, थरथरत होती, आणि तांबटकाकांच्या गालातली एवढीशी हवा तिला हवी तिथे नेऊन ठेवत होती. दोन नळ्या एकमेकींत अशा मिसळल्या, की त्या कधी दोन होत्या हे कुणी सांगूनही पटलं नसतं. पंधरा-वीस मिनिटं मी तशीच उभी होते. रेकॉर्डर सुरू करायचा राहूनच गेला. खरं सांगते, एकोणचाळीस फायलींत मला कुणाचं असं कौतुक वाटलं नव्हतं.

"तसं विचारायचं का नसतं?" त्यांनी ज्योत बंद केल्यावर मी विचारलं.

"साहेबांचा नियम आहे. दाबकेसाहेबांचा. त्यांनीच हे वर्कशॉप उभं केलं, अठ्ठावन्न साली. मोठ्या पीसला एकजण धरतो, एकजण फिरवतो, एकजण फुंकतो. मग मी केला असं कोण म्हणणार? म्हणून 'निघाला' म्हणायचं."

"आता तर तुम्ही एकटेच आहात."

"तसं नाय ते." ते थोडे घुटमळले. "त्र्याहत्तर साली एक जण म्हणाला होता, मी केला. चांगला पीस होता. दुसऱ्या दिवशी येऊन बघतोय तर मधोमध तडा. तेव्हापासून कुणी म्हटलं नाय."

"आणि तुमचा त्यावर विश्वास आहे?"

"विश्वास नाय हो. पण उगाच कशाला म्हणा!"

मग त्यांनी मला कपाटातले थर्मास दाखवले. द्रवरूप वायू ठेवायची दुहेरी भिंतीची भांडी. दोन भिंतींमधली हवा पंपाने काढून टाकतात आणि मग पंपाची नळी वितळवून तोडतात. तोडलेल्या जागी बोराच्या बीएवढं टोक राहतं.

"हे टोक बघा. तोडताना हाताला पीळ द्यावा लागतो. उजव्या हाताच्या माणसाचा पीळ उजवीकडं बसतो. आपण डावरे, आपला डावीकडं. या सेक्शनमध्ये डावरा मी एकटाच. सुरुवातीला साहेबांनी मला उजवा करायला बघितलं, मग म्हणाले, राहू दे, काचेला चालतंय तर मला काय!"

"काका, तुम्हाला जायचंय कशासाठी?" मी विचारलं. हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता.

त्यांनी शेडमधल्या पाच रिकाम्या टेबलांकडे बघितलं.

"मे महिन्यात मी रिटायर. माझी जागा भरणार नाहीत. इथं जुन्या खुर्च्या ठेवायच्या ठरल्यात. बावीस वर्षांत माझ्याकडं शिकायला एक माणूस आला नाय, मॅडम. तिथं चौघं आहेत, त्यात दोन पोरी. ऑगस्टमध्ये त्यांचा वर्ग सुरू होतो. मला ते सगळं देऊन टाकायचंय हो. हात चालतायत तोवर."

त्या दिवशी मी ऑफिसात परतले ती ही फाईल जिंकायचीच असं ठरवून.

जमेल ते जमवलं. प्रबंधांच्या शेवटच्या पानांवर 'काचकाम विभागाचे आभार' अशा एकशे सत्तर ओळी सापडल्या. कुठेही नाव नाही. दाबकेसाहेबांकडून पत्र आणलं. तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि सदाशिव पेठेत एकटेच राहत होते. पत्र सुंदर होतं, पण त्यातही पहिल्यापासून शेवटपर्यंत 'आमच्या विभागाने'.

फेब्रुवारीच्या शेवटी अमेरिकेहून उत्तर आलं. नामंजुरी नव्हती, पण विचारणा होती. चिटणीस मॅडमनी कागद माझ्यापुढे टाकला. "वाच."

त्याचा मथितार्थ असा: विभागाने काय केले हे समजले. अर्जदाराने स्वतः काय केले? मुदत साडेचार आठवडे.

"प्रश्न बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "वसुधा, याचं उत्तर नसेल तर आपला वेळ घालवू नकोस. त्यांचाही नको."

मी तडक संस्थेत गेले. आणि त्या दिवशी, इतक्या वेळा ज्याच्यासमोरून गेले होते ते दर्शनी दालनातलं काचेचं कपाट मी पहिल्यांदा थांबून बघितलं. आत लोखंडी तिवईवर माझ्या कमरेएवढ्या उंचीचं दुहेरी भिंतीचं भांडं होतं. आतून चांदीचा मुलामा, मधोमध पारदर्शक पट्टी. शेजारी पाटी: 'द्रवरूप हेलियम साठविण्याचे पात्र. परदेशी बनावटीचे पात्र फुटल्यानंतर काचकाम विभागप्रमुख श्री. ग. वि. दाबके यांनी १९७९ मध्ये अवघ्या अकरा दिवसांत घडविले. या कामगिरीसाठी राष्ट्रीय सन्मान.'

मी वाकले आणि खाली तळाशी बघितलं. बोराच्या बीएवढं टोक. पीळ डावीकडे.

पहारेकरी साळुंखे म्हणाला, "मॅडम, काय हरवलं का?"

"नाही," मी म्हटलं. "सापडलं."

तांबटकाकांना मी कँटीनमध्ये ओढत नेलं. चहा यायच्या आत विचारून टाकलं.

"हेलियमचं भांडं तुम्ही केलंत."

"सेक्शनमधून निघालं."

"काका, टोक डावीकडे आहे! तुम्हीच शिकवलंत मला बघायला."

त्यांनी कपाळावरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा कपाळावर ठेवला. मग म्हणाले, "चूक झाली माझी शिकवून."

"ही एकच गोष्ट लिहिली की तुमचं काम झालं. राष्ट्रीय सन्मान! आठांतला पहिला प्रकार. प्रसिद्धी, दुसरा. जगात तेव्हा तीन-चार कंपन्या हे बनवत होत्या. तुम्ही अठ्ठावीस वर्षांचे होतात."

"आणि ते पदक साहेबांच्या भिंतीवर आहे."

"म्हणूनच तर!"

"म्हणूनच नाय." त्यांचा आवाज चढला नाही. "मॅडम, आमचं घर तांबटाचं. सतराव्या वर्षी मी बापाबरोबर तांब्याची पातेली ठोकत होतो. साहेब बंब न्यायला आले होते. माझे हात बघून म्हणाले, हा मला द्या. मला इथं आणलं, टेबल दिलं. माझा डावा हात डावा राहू दिला. आणि त्या माणसाला मी चौऱ्याऐंशीव्या वर्षी चोर ठरवू? एका पदकासाठी?"

"पदकासाठी नाही. त्या चार पोरांसाठी."

हे मी मुद्दाम बोलले, आणि ते त्यांना लागलं. आलेला चहा त्यांनी बाजूला सारला.

"साहेबांकडं हा विषय काढायचा नाय," शेवटी म्हणाले. "शब्द द्या. आणि लिहिलंत तर मी सही करणार नाय."

मी शब्द दिला. काय करणार?

दुसऱ्या दिवशी दाबकेसाहेबांकडे गेले ती फक्त पत्र थोडं जोरकस करून मागायला. एवढंच. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर निळ्या मखमलीच्या चौकटीत ते पदक होतं. मी त्याच्याकडे पाठ करून बसले.

"काय कमी पडलं?" त्यांनी विचारलं. हातांना कंप होता, पण नजर लख्ख.

"त्यांचा एक प्रश्न आहे."

"वाच. मराठीत सांग."

"विभागाने काय केलं हे समजलं. अर्जदाराने स्वतः काय केलं?"

त्यांनी माझ्या पाठीमागच्या पदकाकडे बघितलं. मग म्हणाले, "संस्थेतलं कपाट बघितलंस? दालनातलं?"

"बघितलं."

"टोक?"

शब्द दिला होता म्हणून मी तोंड उघडलं नाही. पण माझा चेहरा कधीच कुणाला दिलेला शब्द पाळत नाही. माझी आई म्हणते, हिला पत्ते खेळायला बसवू नका.

"मनोहरनं शब्द घेतला असणार तुझ्याकडून," दाबकेसाहेब म्हणाले. "घेणारच. ती काठी दे. आणि रिक्षा बोलाव."

"आत्ता?"

"एकतीस वर्षं झाली, मुली. अजून किती थांबू?"

रिक्षात ते एकच वाक्य बोलले. "पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, दुसऱ्या दिवसापासून ते अवघड होत गेलं."

संस्थेत शिरताच त्यांनी साळुंख्याला कपाट उघडायला लावलं. साळुंखे म्हणाला, संचालकांची परवानगी लागेल. दाबकेसाहेब म्हणाले, "पाटीवर नाव कुणाचं आहे ते वाच." साळुंख्याने वाचलं आणि किल्ली काढली. मग त्याने आणि मी मिळून ते भांडं ट्रॉलीवर आडवं ठेवलं, खाली पोती घातली आणि शेडपर्यंत नेलं. ती दोनशे पावलं मी अजून विसरलेले नाही.

तांबटकाका ज्योतीपाशी होते. दारात साहेब, मागे ट्रॉली, ट्रॉलीवर भांडं आणि शेजारी मी, हे बघून त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला नको होती.

"ती काही बोललेली नाही," दाबकेसाहेब म्हणाले. "गॅस बंद कर, मनोहर."

ज्योत गेली. शेड एकदम शांत झाली.

दाबकेसाहेबांनी काठी भिंतीला टेकवली. दोन्ही हातांनी ट्रॉली धरून ते वाकले आणि बोट त्या टोकावर फिरवलं.

"मी उजव्या हाताचा आहे," ते म्हणाले. "हे भांडं तांबटनं केलं. मी तेव्हा दिल्लीला होतो, बजेटच्या मीटिंगला. परत आलो तेव्हा नववा दिवस होता. दोन दिवस मी पंप बघितला. बस्स."

"साहेब, इथं नको," तांबटकाका म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"इथंच. दुसरीकडे बोलून काय उपयोग? पेपरवाले आले तेव्हा मी म्हटलं, सेक्शनमध्ये निघाला. आपल्या नियमाप्रमाणेच बोललो. त्यांनी माझं नाव लिहिलं. मला वाटलं, उद्या दुरुस्त करू. मग दिल्लीहून पत्र आलं. मग मुंबईहून माझी बहीण पेढे घेऊन आली." ते थांबले. "नियम मीच केला होता, आणि त्याचा फायदाही मीच घेतला. तू एकदा तरी काही बोलायला हवं होतंस रे."

"काय बोलणार, साहेब? पीस चांगला निघाला होता. तेवढं पुरे होतं."

हे ऐकून दाबकेसाहेब रडले. मीही रडले, साळुंखेही नाक ओढत होता. तांबटकाका तेवढे रडले नाहीत. त्यांनी स्टूल पुढे केलं, साहेबांना बसवलं आणि पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात न देता ओठांना लावला.

पत्र तिथेच सांगितलं गेलं. मी टेबलावर कागद ठेवून लिहून घेत होते. एवढ्या फायली केल्या, पण इतकं साधं आणि इतकं भक्कम पत्र मी पुन्हा बघितलं नाही. त्यात 'असामान्य' हा शब्द एकदाही नव्हता. कोणत्या दिवशी कोणती नळी कुठे जोडली आणि ती कुणी जोडली, एवढंच. शेवटचं वाक्य होतं: 'या कामाबद्दल मला जो सन्मान मिळाला तो माझा नव्हता, मी तो परत करत आहे.' मी म्हटलं, "साहेब, हे शेवटचं नसलं तरी चालेल." ते म्हणाले, "तुमच्या ऑफिसला चालेल."

सही करताना त्यांचा हात इतका हलला, की मी कागद घट्ट धरून ठेवला.

"आता तू म्हण," ते तांबटकाकांना म्हणाले. "म्हण, मी केला."

तांबटकाकांनी मान हलवली. "जमायचं नाय, साहेब."

"तिथं विचारतील तुला. समोर बसवून."

"विचारतील तेव्हा बघू," ते म्हणाले, आणि ट्रॉली स्वतः ढकलत भांडं परत कपाटात ठेवायला घेऊन गेले.

अर्ज मंजूर झाला. पदक दाबकेसाहेबांनी खरंच दिल्लीला पाठवलं. भिंतीवर खिळा तसाच राहिला. दालनातली पाटी बदलायला संस्थेने मात्र तीन महिने घेतले, कारण पाट्यांची एक समिती होती.

मुलाखत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मुंबईच्या वकिलातीत. ही शेवटची पायरी. तिथे अधिकाऱ्याला पटलं नाही तर आधीचं सगळं पाण्यात. मी सहसा कुणाबरोबर जात नसे, पण तांबटकाकांबरोबर गेले. आत फोन न्यायला बंदी होती, म्हणून त्यांनी आपला फोन, जांभळा चष्मा आणि डबा माझ्याकडे दिला. चष्मा कशाला आणला होता देव जाणे.

"काका, सरळ सांगायचं," मी म्हटलं. "निघाला-बिघाला नाही."

"बघू."

"बघू नाही. चार जण वाट बघतायत."

त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि ते रांगेत उभे राहिले. मी समोरच्या फूटपाथवर, त्यांचा डबा धरून. मला त्यांची भीती नव्हती. मला त्यांच्या चांगुलपणाची भीती होती. हा माणूस ऐनवेळी म्हणेल, सेक्शनचं काम आहे हो, आणि बाहेर येऊन डबा उघडेल.

दीड तासाने ते बाहेर आले. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना बघितलं नाही.

"काय झालं?"

"पासपोर्ट ठेवून घेतला त्यांनी."

मी किंचाळले. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला. फूटपाथवरचे लोक वळून बघायला लागले. मी त्यांचे दोन्ही हात धरले तर ते बर्फासारखे गार पडले होते, आणि चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता.

"काका, मिळाला! अहो, मिळाला!"

"मॅडम, संस्थेत फोन लावा आधी."

"कशाला?"

"तिनं फोटो दाखवला भांड्याचा. त्या बाईनं. विचारलं, हे कुणी केलं?" त्यांनी हात सोडवून घेतले. "मी म्हटलं, मी केलं."

मी पुन्हा किंचाळणार होते.

"इंग्रजीतून म्हटलं," ते घाईघाईने म्हणाले. "इंग्रजीतून म्हटलं तरी लागतं का हो ते?"

मला हसू फुटलं असतं, पण त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती. चाळीसहून जास्त वर्षं जे तोंडातून काढलं नव्हतं ते त्यांनी काढलं होतं, कधीच न बघितलेल्या चार पोरांसाठी, आणि आता पुण्यात आपला सगळ्यांत चांगला पीस तडकला असेल याची त्यांना खात्री वाटत होती. मी फोन लावला. साळुंख्याने उचलला.

"साळुंखे, दालनातलं ते हेलियमचं भांडं जरा बघून येता का? ठीक आहे ना?"

"बघायला कशाला जायला पाहिजे, मॅडम?" साळुंखे म्हणाला. "दाबकेसाहेब सकाळी नऊपासून कपाट उघडायला लावून, खुर्ची टाकून त्याच्यापुढंच बसलेत. कुणाला बाजूनं जाऊ पण देईनात. थांबा, तेच हात करतायत. देतो."

काठीचा आवाज जवळ आला. मग तो थकलेला, खणखणीत आवाज.

"म्हणाला का?"

"म्हणाले, साहेब."

मी फोन तांबटकाकांच्या कानाला लावला, तरी मला ऐकू येत होतं.

"मनोहर," दाबकेसाहेब म्हणाले, "शाबूत आहे रे. टोकाला हात लावून बघितलं."